झोंबलं म्हणजे दाढी चांगली

वस्तादचा हात हलका होता, हे आधी मान्य करून टाका, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. हलका म्हणजे किती? तर त्याच्या खुर्चीत बसलेली माणसं चक्क घोरायची. गळ्यावरून धारदार पातं फिरतंय आणि माणूस घोरतोय! इतका विश्वास लोक सख्ख्या भावावर टाकत नाहीत.

हा हात त्याला दिला त्याच्या दादानं. बाप लवकर गेला, तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा आणि हा अकराचा. दोन खुर्च्यांचं सलून, भिंतीला दोन आरसे, चामड्याचा एक पट्टा आणि बापाचा वस्तारा, एवढाच काय तो पसारा. दादानं फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस फासला आणि धाकट्याच्या हातात वस्तारा दिला. म्हणाला, "कर याची दाढी." सतरा फुगे फुटले. प्रत्येक फुग्याला दादाची एक टपली ठरलेली. अठरावा फुगा फुटला नाही, तेव्हा दादानं पाठीवर अशी थाप मारली की तो फुगाच हातातून निसटून खुर्चीखाली गेला.

त्या सलूनमध्ये बापाच्या वेळेपासून एक वाक्य चालत आलं होतं. दाढी झाली की गालावर लोशन चोपडायचं. गिऱ्हाईक डोळे मिटून "स्स्स!" करायचं. की लगेच दादानं म्हणायचं, "झोंबलं? झोंबलं म्हणजे दाढी चांगली!" गिऱ्हाईक खूश, दादा खूश. वस्तादनंही तेच वाक्य उचललं. ज्या दिवशी कोणी स्स्स केलं नाही त्या दिवशी दोघा भावांना चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा त्याच्या खुर्चीत एक उंचापुरा माणूस बसला. दाढी झाली, डोळे उघडले, गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पलीकडच्या इस्पितळात मी हृदयाची ऑपरेशनं करतो. ऑपरेशनच्या आधी पेशंटची छाती आणि पाय साफ करायला मला असाच हात हवाय. येतोस?" दादानं जा म्हटलं. रात्री घरी बायको म्हणाली, "आजवर गाल केलेत, आता छात्या करा." आणि वस्ताद इस्पितळात लागला. वस्ताद हे नावही तिथलंच, वॉर्डातल्या आयांनी ठेवलेलं.

एकोणीस वर्षं त्यानं ते काम केलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटजवळ जायचं, फेस करायचा, छाती आरशासारखी गुळगुळीत करायची, आणि बोटाच्या मागच्या बाजूनं एकदा तपासून बघायची. एकही केस लागला तर परत. पेशंट घाबरलेले असायचे. त्यांना तो सतरा फुग्यांची गोष्ट सांगायचा. काहीजण हसायचे, काहीजण "तेव्हाचे सतरा, आता किती?" असं विचारून आणखीच घाबरायचे.

पहिल्यांदा त्याला ऑपरेशनच्या खोलीत उभं राहू दिलं, तो दिवस मात्र तो कधी विसरला नाही. छाती उघडली होती. आत काळीज उड्या मारत होतं. मग डॉक्टरांनी नळ्या जोडल्या, शेजारचं रक्त फिरवणारं यंत्र घुं घुं करायला लागलं, आणि काळीज थांबलं. थांबलं म्हणजे अगदी थांबलं. वस्ताद घाबरून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. सगळे मात्र आपापलं काम करत होते, जसं काही झालंच नाही. घरी गेला तर घास उतरेना. बायकोनं विचारलं, "अहो, काय झालं?"

"आज एका माणसाचं काळीज थांबवलं, दुरुस्त केलं आणि परत चालू केलं."

"बाई गं! मग?"

"मग काय! परवा चहा मागेल तो."

बायको जेवायची थांबली. 

आता त्या सिस्टरकडे येऊ, कारण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे त्या उंचापुऱ्या गिऱ्हाइकाच्या, विभागात एक नवीन सिस्टर आली. तिचं काम एकच. ऑपरेशननंतर कोणाची जखम चिघळली, कोणाची नाही, याची नोंद ठेवायची आणि का चिघळली ते शोधायचं. दिवसभर मोजत असायची म्हणून तिला सगळे मोजणी सिस्टर म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तिनं महिनाभर सगळं पाहिलं आणि एका सकाळी वस्तादला बोलावून सांगितलं, "वस्ताद, उद्यापासून वस्तारा बंद. मशीननं केस बारीक करायचे. तेही आदल्या दिवशी नाही, ऑपरेशनच्या सकाळी."

वस्तादचं डोकं सणकलं. "सिस्टर, मशीननं मेंढ्या भादरतात. एकोणीस वर्षांत माझ्या हातून रक्ताचा थेंब सांडला नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बसा. तुमच्या डाव्या हातावर तुमचा वस्तारा चालवा. जितका चांगला चालवता येईल तितका. उजव्या हातावर मी मशीन चालवते."

चालवला. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत उत्तम हजामत असेल. हात लोण्यासारखा झाला, रक्ताचा टिपूस नाही. मग सिस्टरनं ती बाटली उघडली. ऑपरेशनआधी कातडी निर्जंतुक करतात ते औषध. निम्म्याहून जास्त स्पिरिट, आणि त्यात क्लोरहेक्सिडीन नावाचं, जिभेला गाठ मारणारं दुसरं औषध. लावलेलं दिसावं म्हणून त्याला रंग दिलेला असतो, म्हणून वॉर्डात सगळे त्याला लाल औषध म्हणत. तिनं आधी उजव्या हाताला लावलं. गार वाटलं, बस. मग डाव्या हाताला लावलं.

"स्स्स!" वस्ताद म्हणाला.

एका जागी नाही. दहा जागी, वीस जागी, मनगटापासून कोपरापर्यंत सुया टोचाव्यात तसं. त्यानं हात डोळ्यांजवळ नेला. काही दिसेना. कातडी अगदी साफ.

"जिथे झोंबतंय तिथे कातडी फाटली आहे," सिस्टर म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाही एवढीशी. जंतूला तेवढं दार पुष्कळ झालं. आणि तुम्ही आदल्या दिवशी दार उघडता, म्हणजे आत शिरून वाढायला त्याला सबंध रात्र मिळते."

 त्याला ते गाल आठवले, ते लोशन, ते स्स्स. आयुष्यभर ज्याला तो शाबासकी समजत होता, ते कातडीचं ओरडणं होतं! आणि मग त्याला एक माणूस आठवला. निवृत्त शिक्षक, फुग्यांच्या गोष्टीला खूप हसलेला. त्याची जखम आठव्या दिवशी उघडली होती आणि तो दोन महिन्यांनी गेला होता.

"ते मास्तर... माझ्यामुळे का हो?"

सिस्टरनं बाटलीला झाकण लावलं. "ते आता कोणालाच सांगता येणार नाही, वस्ताद. तुम्हाला जे शिकवलं तेच तुम्ही केलंत. आता वेगळं करू."

त्या दिवसानंतर वस्तादनं इस्पितळात वस्तारा नेला नाही. आणि बदलला तो असा बदलला, की मोजणी सिस्टर परवडली पण वस्ताद नको, असं आया म्हणायला लागल्या. कातडीचं त्याला वेडच लागलं. सगळ्यांच्या अंगावर जंतू असतात, राजाच्या आणि भिकाऱ्याच्याही, आणि ही कागदाएवढी कातडी त्यांना आयुष्यभर बाहेर थोपवून धरते, हे ऐकल्यापासून तो स्वतःच्या तळहाताकडेसुद्धा आदरानं बघायचा. डॉक्टरांनी त्याला नवं काम दिलं. सकाळी मशीननं केस काढायचे, मग ऑपरेशनच्या खोलीत नर्स औषध लावताना पेशंटचा पाय उचलून धरायचा, आणि औषध वाळेपर्यंत घड्याळाकडे बघायचं. पूर्ण तीन मिनिटं. स्पिरिट ओलं असताना वर कापड टाकलं तर विजेच्या सुरीच्या ठिणगीनं भडका उडू शकतो, आणि जंतू मरायलाही तेवढा वेळ लागतोच. मोठे डॉक्टर हात वर धरून तिष्ठत उभे, बाकीचे तिष्ठत उभे, आणि घड्याळ वस्तादकडे.

"वस्ताद, झालं का?"

"अजून चाळीस सेकंद, साहेब."

"अरे, हृदय थांबवायला मला एवढा वेळ लागत नाही!"

"तुमचं तुम्ही बघा साहेब, माझे चाळीस सेकंद आहेत."

त्या तीन मिनिटांत औषधाचा ओला चकाका हळूहळू नाहीसा व्हायचा. स्पिरिट उडून जायचं, आणि जाताना कातडीवरचं सगळं मारून जायचं. दुसरं औषध मागे राखण करत बसायचं, कित्येक तास. वस्तादला दर वेळी अंगावर काटा यायचा.

दादाला यातलं काही पटलं नाही. "तू मशीनवाला झालास," एवढंच म्हणाला. सलून त्याचं चालूच होतं, लोशन चालूच होतं, स्स्स चालूच होतं. वस्तादनं हाताची गोष्ट दोनदा सांगून पाहिली. दादा म्हणाला, "तुझा हात बिघडला असेल, माझा नाही." मोठ्या भावापुढे काय बोलणार! 

आणि मग दादाचंच काळीज कुरकुरायला लागलं. जिना चढला की छातीत दुखायचं. तपासलं तर तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या, वर दहा वर्षांची साखर. मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू. वस्ताद म्हणाला, "दादा, काही काळजी करू नको, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होईल." दादा हसला. पण वहिनीला सांगताना त्यानं तिचा हात सोडला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला वस्ताद मशीन घेऊन दादाच्या खोलीत गेला. दादा पलंगावर टेकून बसला होता, तोंडावर लबाड हसू.

"ये. काम शिल्लक नाही तुला," म्हणाला आणि सदरा उघडला.

छाती गुळगुळीत. पाय गुळगुळीत. खिडकीत टॉवेलवर बापाचा वस्तारा धुऊन वाळत घातलेला.

वस्तादनं बोटाची मागची बाजू छातीवरून फिरवली. एक केस लागला नाही. काय हात होता त्या माणसाचा! साठीला पोचलेला, काळीज धड चालत नाही, आणि न्हाणीघरातल्या टीचभर आरशात बघून स्वतःची छाती अशी केली होती. क्षणभर वस्तादला अभिमान वाटला, आणि लगेच त्यानं बोट मागे घेतलं.

"दादा, काय करून बसलास हे!"

"मग काय मेंढीसारखा जाऊ तुझ्या डॉक्टरपुढे? न्हाव्याचा मुलगा आहे मी. बघ, टिपूस नाही रक्ताचा."

"दादा, मला हे सांगावं लागेल."

"कोणाला? कशाला? तुझ्याशिवाय कोणाला कळतंय? सांग, मशीननं केलं." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आज होऊन जाऊ दे रे. परत एकदा एवढा धीर नाही माझ्यात."

वस्ताद दाराशी उभा राहिला. एका बाजूला तुंबलेल्या रक्तवाहिन्या, आज ना उद्या दगा देतील अशा. दुसऱ्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी शेकडो दारं, आणि त्यात साखर. गप्प बसलं तर दादा खूश. सांगितलं तर दादा आयुष्यभर बोलणार नाही. त्याला मास्तर आठवले, फुग्यांच्या गोष्टीला हसणारे. तो तसाच मोजणी सिस्टरकडे गेला.

मोठ्या डॉक्टरांनी येऊन दिव्याखाली छाती पाहिली. नीट पाहिल्यावर इथं तिथं लालसर ठिपके दिसत होते. ते म्हणाले, "छातीचं हाड मी उभं कापणार. त्या हाडात जंतू गेले तर मी केलेलं सगळं मातीमोल. सहा दिवस थांबू. इथेच ठेवू, नजरेखाली."

वहिनी बाहेर ऐकत होती. ती वस्तादला आडवी आली. "भाऊजी, या सहा दिवसांत यांना काही झालं तर?"

 "तर माझ्यामुळे झालं म्हणा, वहिनी," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

आत दादाचा पारा चढला होता. सख्ख्या भावानं चारचौघांत हाताला नावं ठेवली, बापाची लाज काढली! सिस्टरला विचारून वस्तादनं लाल औषधाचा बोळा घेतला आणि म्हणाला, "दादा, एकदाच. मग मला काय वाटेल ते बोल." आणि गळ्याखाली, बरोबर मधोमध, बोळा फिरवला.

"स्स्स!" दादानं डोळे घट्ट मिटले. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून शब्द निघालेच, "झोंबलं म्हणजे..."

 त्यानं डोळे उघडले, खाली छातीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तीन दिवस तो वस्तादशी बोलला नाही. वस्ताद सकाळ-संध्याकाळ यायचा, पायाशी बसायचा, निघून जायचा. चौथ्या दिवशी दुपारी दादाच्या छातीत कळ आली. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. वॉर्डातल्या सिस्टर धावल्या, जिभेखाली औषधाचा फवारा मारला, छातीला वायरी लावल्या. वस्ताद भिंतीला पाठ लावून उभा. माझ्यामुळे, माझ्यामुळे, एवढंच डोक्यात. वहिनी त्याच्याकडे बघेना. सात-आठ मिनिटांनी कळ ओसरली. ती सात-आठ मिनिटं वस्तादनं घड्याळात पाहिली नव्हती, आणि घड्याळ न बघितल्याचा तोच काय तो एक प्रसंग.

संध्याकाळी दादानं त्याला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "आपल्या दुकानात किती जण स्स्स करायचे रे?"

"सगळेच की."

"म्हणजे सगळ्यांनाच..."

"दादा, गालावरचे ओरखडे ते. एका रात्रीत भरतात. दाढी करून कोणी मेलं नाही. इथे हाड कापायचंय, म्हणून गोष्ट वेगळी."

दादानं बोटाच्या मागच्या बाजूनं स्वतःचा गाल चाचपला. मग म्हणाला, "बाबांना माहीत नव्हतं रे. ते प्रेमानं म्हणायचे." वस्तादनं मान हलवली आणि त्याच्या पायावर पांघरूण ओढलं.

सहाव्या दिवशी सकाळी वस्तादनं जे थोडे खुंट आले होते त्यांवरून मशीन फिरवलं. दादानं निमूटपणे हात वर केले. मग स्वतःच म्हणाला, "तो बोळा लाव." वस्तादनं लावला. दादा डोळे मिटून वाट बघत राहिला. एखादा गायक सूर ऐकतो तसा तो स्वतःची कातडी ऐकत होता.

"काहीच नाही रे," तो म्हणाला. "नुसतं गार."

आत टेबलावर दादा झोपवलेला. नर्सनं हनुवटीपासून पायापर्यंत औषध लावलं, वस्तादनं दादाचा पाय उचलून धरला. ज्या पायाजवळ बसून त्यानं फुगे फोडले होते तो पाय हातात जड लागत होता. मग तो घड्याळासमोर उभा राहिला. एक मिनिट. दोन.  मोठे डॉक्टरही आज "झालं का" म्हणाले नाहीत. दादाच्या छातीवरचा ओला चकाका कडेकडेनं आत सरकत गेला आणि मधोमध, अगदी जिथे सुरी फिरणार होती तिथे, शेवटी विरला. तीन मिनिटं झाली. वस्तादनं वर आणखी दहा सेकंद घेतले आणि म्हणाला, "झालं, साहेब."

आणि मग त्यानं आपल्या भावाचं काळीज पाहिलं. देवा रे! कितीजणांची पाहिली होती, पण हे ते काळीज, ज्यानं त्याला अकराव्या वर्षापासून वाढवलं. ते थांबलं. यंत्र घुं घुं करत राहिलं. पायातून काढलेल्या शिरेचे तुकडे, तुंबलेल्या वाहिन्यांना वळसा घालून, बारीक टाक्यांनी जोडले गेले. मग डॉक्टरांनी गरम रक्त परत सोडलं आणि सगळे थांबले. काळीज थरथरलं. एकदा आखडलं, आणि चालायला लागलं. त्याला कोणी शिकवलं, कोणी सांगितलं, चल म्हणून? वस्तादनं हात जोडले. तोंडावरचा मास्क ओला झाला होता.

आठव्या दिवशी पट्टी काढली. मोजणी सिस्टरनं वाकून पाहिलं, दाबून पाहिलं. गळ्याखालून पोटापर्यंत एक सरळ, कोरडी रेघ. तिनं वहीत नोंद केली. वहिनी बाहेर आली, वस्तादचा हात धरला आणि म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मी फार बोलले." 

चार महिन्यांनी दादा परत दुकानात उभा राहिला. सुटीच्या दिवशी वस्ताद बाकावर बसून वर्तमानपत्र चाळत होता. खुर्चीत जुनं गिऱ्हाईक, तीस वर्षांचं. दाढी झाली. दादाचा हात अजून तसाच होता, हलका. त्यानं तळहातावर लोशन घेतलं, गालावर चोपडलं.

"स्स्स!" गिऱ्हाईक म्हणालं आणि सवयीनं थांबलं, दादाचं वाक्य यायची वाट बघत.

दादानं टॉवेलचा गार कोपरा त्या गालावर हळूच टेकवला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "माफ करा."

गिऱ्हाईक आरशातून बघतच राहिलं. "अहो, तीस वर्षं झोंबतंय! आजच काय?"

"तीस वर्षांचीच मागतोय," दादा म्हणाला आणि टॉवेल तसाच धरून उभा राहिला. बाकावर वस्तादनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.